बी राखणारी बायजाआत्या

बायजाआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची. घरची माणसं "या, बसा" म्हणत असायची आणि हिची नजर आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यांवरून, दोडक्यांवरून, मक्याच्या कणसांवरून फिरत असायची. पाहणी झाली की मग ती खाली बसायची. एखाद्या घरचं आढं मोकळं दिसलं तर पुढं केलेलं गूळपाणी ती घाईनं संपवायची आणि परतताना वाटेत मला म्हणायची, "भांडी लखलखीत हायेत, पन बी नाय घरात. कसलं घर ते!" तिच्या तोंडची ही सगळ्यात वाईट शिवी. याहून वाईट बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती सालं. आमचा मळा नाशिकच्या बाहेर, गोदावरीच्या काठाला. वांगी, मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू आणि शेवंती. सकाळी बापू, म्हणजे माझे वडील, बैलगाडी भरून बाजाराला जायचे. आत्या त्यांची थोरली बहीण. उंच, काटक, चालणं पुरुषासारखं ढांगा टाकत. कपाळावर ठसठशीत कुंकू. ते बघून नवखी बाई हमखास विचारायची, "मालक कुठं असतात?" आत्या तितक्याच हमखासपणे उत्तर द्यायची, "त्येंच्या घरी." पुढं विचारायची कुणाची छाती होत नसे.

खरी हकिकत अशी, की आत्याला मूलबाळ झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. सवतीनं पुढच्या दारानं माप ओलांडलं त्या दिवशी आत्या मागच्या दारानं निघाली आणि दिंडोरीच्या वाटेवरच्या त्या गावाहून चालत आमच्या मळ्यात आली. सवतीचं तोंडसुद्धा तिनं पाहिलं नाही. "त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायची नाय," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन मेथीत बसली. सासरचा विषय निघालाच तर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "तिथं माझं काय नाय."

मळ्याचं बी तिच्या ताब्यात होतं. वेलावरचं सगळ्यात देखणं फळ ती बियाण्याला राखायची आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळत होतं. फळ वाळलं, आत बी खुळखुळायला लागलं की ते काढून राखेत घोळायचं. ते विकायचं मात्र नाही. बाजारातल्या एका बागवान चाचांनी एकदा विचारलं, "बायजाबहन, दुध्याचं बी कसं दिलं?" आत्या म्हणाली, "बी इकत नसत्यात, चाचा. पदर पसरा, मूठभर घ्या. तुमचं पिकलं की दुसऱ्या कुनाला द्या." चाचांनी खांद्यावरचा रुमाल पसरला. असं तिनं साऱ्या पंचक्रोशीला बी वाटलं. परिणाम एवढाच झाला, की पंचक्रोशीनं बी राखायचं सोडून दिलं. बायजाक्का आहेच की, मग आपण कशाला फळ वेलावर वाळवत ठेवा! सगळे निवांतपणे शेवटच्या फळापर्यंत भाजी खात होते.

सगळ्यांत तिचा जीव होता आखूड मानेच्या दुध्यावर. थंडीत येणारा, बुटका, चवीला गोड. तो तिच्या आजीच्या माहेरून आलेला. आमच्या घरची रीत अशी, की मुलगी सासरी निघताना तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर या दुध्याचं मूठभर बी घालायचं. मुलगी जिथं जाईल तिथं तिनं तो लावायचा. आजीची ओटी तशी भरली, आत्याचीही भरली. त्या वर्षी पाळी माझी होती.

माघात कळवणकडची माणसं मला बघायला आली, तीही न कळवता. बापू सकाळीच सगळा माल गाडीत घालून बाजाराला गेले होते. भाजी पिकवणाऱ्यांच्या घरात त्या दिवशी भाजीचं पान नव्हतं. आत्या नदीपलीकडे निरोप द्यायला गेलेली. माझ्या आईचा जीव टांगणीला लागला. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात पिठलं वाढायचं म्हणजे आपल्या हातानं लग्न मोडायचं. ती वेलाच्या मांडवाखाली गेली. वेल सुकत आला होता आणि त्यावर एकच दुध्या लोंबत होता, चिंधीवाला. आईनं नख लावून पाहिलं. नख रुतलं. म्हणजे अजून कोवळा.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा आत्या परत आली. दारातच तिला फोडणीचा वास आला. ती थबकली. पदर सावरून वाढायला उभी राहिली. माझे होणारे सासरे बोटं चाटत म्हणाले, "भाजी भलती गोड शे!" आत्यानं त्यांच्या ताटात आणखी एक पळी घातली आणि म्हणाली, "घ्या की. आता व्हायची नाय."

पाहुणे होकार देऊन गेले. आत्या परसात गेली आणि सालपटांच्या ढिगातून चिंधी शोधून काढून हातात धरून बसली. आई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "वन्सं, पोरीचं जमत व्हतं. काय करू मी?" आत्यानं वर पाहिलं नाही. "पोरीसाठीच राखला व्हता गं सखू." आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. दोघींनी माझंच भलं चिंतलं होतं आणि त्यातच माझी ओटी रिकामी झाली होती.

गेल्या सालचं बी तिनं वाटून संपवलं होतं, म्हणून आता आत्याची वणवण सुरू झाली. ज्याला ज्याला तिनं बी दिलं होतं त्याच्या दारी ती गेली. कुणी म्हणालं, खाल्लं. कुणी म्हणालं, उंदरांनी नेलं. चाचा तर हातच जोडून उभे राहिले, "क्या बोलूं बहन, वेलच बकरीनं खाल्ला." बापू वैतागून म्हणाले, "आक्का, नाशकात बियाण्याचं दुकान हाय. दुध्यासारखा दुध्या. आनतो पुडी." आत्या फणकारली, "बाजारातलं बी ओटीत घालायचं? मंग पोरगी बी बाजारातनंच आनायची व्हती की!"

हे बी गेलेल्या घरांपैकी आता एकच विचारायचं राहिलं होतं. आत्याला ते ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, पण कोण बोलणार? फाल्गुन तसाच गेला. लग्न वैशाखातलं. चैत्र लागला आणि एका सकाळी ती बापूंना म्हणाली, "गाडी जुप. दिंडोरीकडं जायचं." आई म्हणाली, लग्न ठरलेल्या पोरीला कुठं नेता? "ओटी तिची हाय. तिला नको का यायला?"

मला ते घर अजून आठवतं. शेणानं सारवलेलं अंगण, दारात तुळस. बापू गाडीपाशीच थांबले. आत्या उंबऱ्यापासून दोन हात अलीकडे उभी राहिली आणि तिनं हाक घातली, "हाय का कुनी?" आतून एक ठेंगणी, गोरटेली बाई आली, हात पिठाचे. दोघींनी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि त्यातली एकच काय ते जाणून होती.

"कोन पायजे?"

"दुध्याचं बी मागायला आले. पोरीचं लगीन हाय."

"कोनता दुध्या? आमच्याकडं दोन हायेत."

"आखूड मानेचा. थंडीतला."

"बायजीचा व्हय?" ती बाई सहज म्हणाली.

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं विचारलं, "कोन बायजी?"

बाईनं आवाज खाली केला. "मोठी. माझ्या आदीची. मी पाह्यली नाय तिला. पन सासूबाई मरस्तवर बजावत व्हत्या, माझ्या थोरल्या सुनंचं बी हाय, मोडू देऊ नको. म्हनून दर साली एक फळ राखते मी. समदं गाव त्याला बायजीचा दुध्याच म्हनतं."

आत्याचा हात माझ्या खांद्यावर आला. तो इतका जड झाला, की मी बसते की काय असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्या बाईची नजर माझ्यावरून आत्याच्या कुंकवावर गेली, मग तोंडावर. तिला उमगलं. पिठाचे हात तिनं तसेच पदराला पुसले.

"मंग भायेर का उभ्या, आक्का? घर तुमचं हाय. आत या."

"नाय. आत यायचं नाय मला. बी दे, जाते."

"बी काय उंबऱ्यावरनं हातात द्यायची वस्तू हाय का?" ती बाई आत गेली. आत्याला वाटलं, नाही म्हणाली. ती गाडीकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात ती बाई सुपात तांदूळ, खण, नारळ आणि वाळका दुध्या घेऊन आली आणि उंबरा ओलांडून स्वतःच अंगणात उतरली. "तुमी येत नाय तर मी येते. पदर धरा."

आत्याची ओटी कोण भरणार? नवरा जिवंत, पण टाकलेली आणि वांझ. हळदीकुंकवाला बायका तिला कोपऱ्यात बसवायच्या आणि बोटानं कुंकू टेकवून पुढं जायच्या. इतक्या वर्षांनी तिची ओटी भरत होती ती तिची सवत. आत्यानं पदर धरला, पण निम्मे तांदूळ अंगणात सांडले. दुध्या मात्र तिनं घट्ट धरला.

"पोरं किती?" तिनं विचारलं.

"दोन पोरं. थोरल्याचं लगीन झालं."

"बरं झालं." मग दुध्या कानाशी हलवून बघत ती म्हणाली, "नीट वाळलाय. पन देठ खाली करून टांगत जा. पावसाळी हवा लागली तर देठातनं कुजतो." आता ही आमची आत्या! अश्रू गालावर आणि तोंडी शेतीचा धडा. सवत रडता रडता हसली.

परतताना नदी लागली. उतारात बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा आत्या ओटीतल्या दुध्यावर हात ठेवून म्हणाली, "बायजीचा म्हनत्यात गं गोदे. समदं गाव म्हनतं. आन मी आपली म्हनत बसले, तिथं माझं काय नाय." आणि ती रडली. बापू पाठमोरे बसून उगाच कासरा ओढत राहिले.

माझ्या लग्नात ओटी भरायची वेळ आली तेव्हा आत्या नेहमीसारखी मागं सरकली. आईनं सगळ्या सवाष्णींसमोर तिचा हात धरून पुढं ओढलं. "वन्सं, तुमी भरा." दोन-चार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या न्याहाळू लागल्या. आत्यानं बी माझ्या पदरात सोडलं आणि कानाशी लागून म्हणाली, "नांद नीट. नाय जमलं तर परत ये, आमी हाय. पन जाशील तिथं आधी येल लाव." मी नांदले. पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या ताटात तीच भाजी वाढली तेव्हा त्यांना वाटलं, कळवणच्या मातीचाच गुण.

पुढं काही वर्षांनी आत्या गेली. ऐन श्रावण होता, नद्या फुगलेल्या, मला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही, ही रुखरुख माझ्या मनातून अजून जात नाही. पुढचं मला आईनं सांगितलं. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हाच आईनं कुणाला न विचारता दिंडोरीकडे माणूस धाडला होता.

आत्याला मूल नाही. विस्तवाचं मडकं भावानं धरायचं असं ठरलं. बापू नदीवरून ओलेत्यानं आले, मडकं उचलायला वाकले, तेवढ्यात अंगणात एक तरणा गडी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, रात्रीपासून चालत असावा. कुणी त्याला ओळखेना. त्यानं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं, उठला आणि बापूंपुढे दोन्ही हात पसरले.

"मामा, मडकं मला द्या," तो म्हणाला. "आई हाय ती माझी."

बापूंनी मडकं त्याच्या हातात दिलं.