बर्फाच्या ऑर्डरीमागचा फोन

"पलीकडे माणूस आसा." आमचे संगणक सांभाळणारे काका एंटर दाबण्याआधी हे म्हणायचे आणि मग जरा थांबायचे, जणू पलीकडचा माणूस लुंगी सावरत दार उघडायला येतोय. त्यानंतर बोट खाली यायचं. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण याला हसायचा आणि थोड्याच दिवसांत स्वतःही मनातल्या मनात तसं म्हणायला लागायचा. मीही त्यातलीच.

आमची कंपनी मालवणात मासे घेते, गोठवते आणि गोव्याला, कोल्हापूरला, पुण्याला पाठवते. ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर एक, शीतगृहाचं दुसरं, ट्रकवाल्यांचं तिसरं. तिघांचं एकमेकांशी जमत नाही. त्यांना बोलतं ठेवणं हे या काकांचं काम. नेमकं काय करता असं कोणी विचारलं तर म्हणायचे, दोन घरांच्या मधल्या दगडी गडग्यात जायला-यायला वाट ठेवतो, एवढंच. अशा सगळ्या वाटा त्यांनी कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर बांधल्या होत्या. त्यावर कोणी चहाचा कप ठेवला की ते शेतात गुरं शिरल्यासारखे धावत यायचे.

मग पुण्याच्या मुख्य ऑफिसने ठरवलं की हे सगळे जोड नव्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर हलवायचे. वेळ मात्र बरी निवडली होती. पावसाळ्यातली मासेमारी बंदी चालू होती, होड्या माडाच्या झापांखाली शाकारलेल्या आणि शीतगृह अर्धं रिकामं. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात जायच्या आत काम संपवायचं. जे पुरवठादार तोवर नव्या प्लॅटफॉर्मवर येणार नाहीत, त्यांचं काम दुसऱ्याला. आणि हे सगळं पार पडलं की यांची निवृत्ती, असंही पहिल्याच बैठकीत सांगून टाकण्यात आलं. काका म्हणाले, "बरां झाला. काजी बघूक घराकडे कोण नाय." गावी त्यांची काजूची बाग होती.

आता त्यांच्या चाचणीच्या संदेशाबद्दल सांगायलाच हवं. जोड चालतो की नाही हे पाहायला बाकीचे लोक काहीतरी खोटी ऑर्डर टाकतात. आमच्याकडे पूर्वी एकाने अशीच टाकली होती. ती खरी समजून बर्फाचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला, आणि चूक कोणाची यावर बर्फ वितळेपर्यंत वाद चालला. तेव्हापासून यांनी चाचणीचा संदेश कायमचा ठरवून टाकला होता: 'जेवलात?' चुकून खऱ्या माणसाला गेला तरी कोणाच्या पोटावर येत नाही, हा त्यांचा हिशेब.

नव्या प्लॅटफॉर्मवर आम्ही पहिली चाचणी घेतली आणि नेमका तो संदेश एकदम सगळ्यांना गेला. ट्रकवाले, शीतगृहवाले, गोव्याचे हॉटेलवाले, सगळ्यांना. तुम्ही म्हणाल, लोकांनी दुर्लक्ष केलं असेल. छे, एकूण एकाने उत्तर दिलं. घाटात अडकलेल्या एका ड्रायव्हरने 'अजून नाय' असं कळवलं. एका हॉटेलवाल्याने तर काय काय खाल्लं तेही लिहिलं. प्लॅटफॉर्मला हवा होता ऑर्डरचा क्रमांक, आणि त्याच्या पुढ्यात आलं बांगड्याचं तिखलं. अख्खी स्क्रीन लालभडक झाली. पुण्याहून घाबऱ्या आवाजात फोन आला, कोणी बाहेरून हल्ला केला आहे का? यांनी शांतपणे सांगितलं, नाही, दुपार झाली आहे.

तर असं करत करत सगळे हलले, एक सोडून. तारकर्लीच्या वाटेवर एका ख्रिस्ती बाईंचा बर्फाचा कारखाना आहे. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात, मुलगा गोव्यात नोकरीला. जुन्या पद्धतीत त्यांना रोज सकाळी ऑर्डरचा मेसेज जायचा. पावसापाण्यात तो पोचेलच असं नाही, म्हणून मागोमाग काकांचा फोन. "पोचली?" इथून सुरुवात. मग काल वीज किती वेळ गेली, गुडघा कसा आहे, मुलगा सणाला येतोय का, असं सगळं यथासांग व्हायचं. आम्ही आपले फाइलींत तोंड घालून ऐकायचो.

नव्या पद्धतीत फोनला जागाच नव्हती. मोबाइलवर ऑर्डर येणार, बाईंनी 'स्वीकार' दाबायचं. वेळेत दाबलं नाही तर ऑर्डर आपोआप दुसऱ्या कारखान्याकडे. आणि बाई काही केल्या दाबत नव्हत्या. चाचणीच्या ऑर्डरी रोज त्यांच्या दारात जाऊन ताटकळायच्या आणि परत फिरायच्या. पुण्याहून विचारणा झाली, या बाईंना वगळायचं का? आमच्याइतकं मोठं गिऱ्हाईक त्यांना दुसरं नव्हतं. ते गेलं असतं तर कारखान्याला टाळंच लावावं लागलं असतं. पौर्णिमा तर तोंडावर आली होती. काकांना घास गोड लागेना, डबा तसाच परत जायला लागला.

शेवटी एका सकाळी मला म्हणाले, चल गो, तू शिकव त्यांना, माझ्याने होत नाही. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गेले. बाईंनी चहा दिला. मी मोबाइल हातात घेऊन सावकाश समजावायला लागले, तर त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला, चाचणीची ऑर्डर उघडली आणि 'स्वीकार'वर अंगठा नेऊन नुसता धरला.

"बटण दाबूक माका येता," त्या यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "पण मगे तुमी फोन कित्याक करशात?"

एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा हा माणूस बर्फाच्या डब्यांतून टिपटिपणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऑर्डरीशिवाय फोन केलंय, तर उचलशात?"

बाई म्हणाल्या, बघूया. आणि अंगठा टेकवला.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, पहिली मासळी आली आणि बर्फ वेळेवर धक्क्यावर पोचला. जुना संगणक बंद झाला. निरोपाच्या दिवशी यांना भाषण करायला सांगितलं, तर जेवण थंड होतंय म्हणून खाली बसले. पत्नी पूर्वीच गेलेल्या, मुलगी बेळगावला. हे एकटेच कुडाळजवळच्या आपल्या गावी काजी बघायला गेले. मला त्यांची फार आठवण यायची, विशेषतः एंटर दाबताना.

पुढे थंडीत एका सकाळी बाईंचा ऑफिसात फोन आला. ऑर्डर पोचली, स्वीकारलीही, पण काकांचा रोजचा फोन आला नाही. बाईंनी स्वतः केला तर उचलत नाहीत. मी म्हटलं, बागेत गेले असतील. बाई ऐकेनात. "ते इसरूचे नाय. तू माणूस धाड गो." माझ्यासमोर स्क्रीनवर सगळे जोड हिरवेगार होते, कुठे काही बिघडलेलं नव्हतं. तरी त्यांच्या आवाजाने मला बसवेना. एका सहकाऱ्याची गाडी घेऊन आम्ही निघालो.

ते घरामागे, न्हाणीच्या पायरीखाली सापडले. पहाटे पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि शेजारी लग्नाला गेलेले. आत मोबाइल वाजत होता तो त्यांना ऐकू येत होता, पण हलता येत नव्हतं. मी रडायलाच लागले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आदी त्यांका सांग."

हाड जुळलं. मग मुलगी त्यांना बेळगावला घेऊन गेली, ते कायमचेच. घराला कुलूप आहे, काजी कोणीतरी कराराने घेतल्या आहेत.

मागच्या आठवड्यात मी तारकर्लीला जाताना कारखान्यापाशी थांबले. बाई बाहेरच्या बाकावर बसून फोनवर कोणाला तरी दम देत होत्या. काठी घेतल्याशिवाय फिरायचं नाही, जिना चढायचा नाही. मधेच मोबाइल वाजला. त्यांनी तो कानावरून खाली घेतला, आमची ऑर्डर स्वीकारली आणि परत कानाला लावला.

"हां, बोला. मगे, चललात काय आज?"