केरूभावजींची करवंटी

आधी कबूल करून टाकते. केरूभावजींना मी करणी करणारा माणूस समजले होते. हसा, खुशाल हसा. मी तर अजून हसते.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला नि आम्ही मुंबईचं बिऱ्हाड गुंडाळून ह्यांच्या गावी राहायला आलो. माझं माहेर हेदवी, समुद्रावरचं, सगळं कसं मोकळं. ही वाडी डोंगराच्या पोटात. लोट्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या जातात त्या फाट्यावर उतरायचं नि दीड तास चालायचं. वाडीच्या वर वाघजाईची देवरहाटी, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडी मोडायची नाही. आत इतकं गच्च, की भर दुपारीसुद्धा डोळे सरावेपर्यंत उभं राहावं लागतं.

एक दिवस दर्शनाला गेले, तर देवळामागच्या झऱ्याशी एक हडकुळा माणूस उकिडवा बसलेला. एका हातात करवंटी. दुसऱ्या हातानं पाचोळा उकरतोय, करवंटीतलं काहीतरी आत सोडतोय, परत झाकतोय, नि तोंडानं पुटपुटतोय. झालं! मी चपला हातात घेतल्या नि पळत सुटले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं की केरू झऱ्यावर करणी पुरतो. मी फक्त चौघींना सांगितलं होतं हो. पुढचं त्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको गोदा दारात उभी.

"वयनी, माज्या माणसाला लोकांनी आळशी म्हनलं, बावळट म्हनलं, मी ऐकून घेतलं. पन करनी? त्याला सोताची टोपी सापडत नाय, तो दुसऱ्यावर काय करनी करनार? चला, बगा डोळ्यानं."

मला हाताला धरून झऱ्यावर नेलं. भावजी तिथंच. आमच्याकडं बघून त्यांनी करवंटी पुढं केली. आत ओली माती, नि मातीत हातभर लांबीचं, बोटाएवढं जाड, जांभळट काळं काहीतरी वळवळत होतं. मी किंचाळले, "साप!"

"आट वर्सांमागं म्या पन हेच म्हनलं," भावजी म्हणाले.

मग सांगितलं त्यांनी. झऱ्याचा पाट साफ करताना कुदळीपुढं हे आलं. साप समजून त्यांनी घाव घातला. बाजूला केलं, तर खाली अंडी, मण्यांच्या माळेसारखी एकमेकांत गुंतलेली. ही त्यांना विळखा घालून बसली होती.

"कुदळ दिसली तरी हलली नाय ती, वयनी. जाग्यावरच ऱ्हायली. म्या मंग अंड्यांवर पाला टाकला. रोज करवंटीनं पानी शिंपलं, पंदरा दीस. एक पन वाचलं नाय."

तेव्हापासून वाटेवर, पाटात, बैलांच्या पायाखाली कुठं दिसली की करवंटीत घालून झऱ्याशी आणून सोडायची, हा त्यांचा नेम. ती झऱ्याची राखणदारीण, असं ते म्हणत.

"माज्या बाळंतपनात इतक्या फेऱ्या मारल्या असत्यास तर?" गोदा म्हणाली.

मला मात्र वाईट वाटलं. भावजींवर नाही नाही ते बोलले होते. म्हणून मी आपले त्या जनावराला हात जोडले.

"वयनी, ते शेपूट हाय," भावजी म्हणाले.

"काहीतरीच! हेच तोंड. निमुळतं आहे ना!"

"तोंड ह्या बाजूला."

"भावजी, मी समुद्रावरची. वाम, मुडदुशी, सगळी मासळी साफ केलीय ह्या हातानं. तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, ते मला शिकवू नका."

दोन्ही टोकं सारखीच हो, पण आता मागं कोण हटणार? तो वाद पुढं दीड वर्ष चालला. विहिरीवर, भाताच्या मळणीला, लग्नाच्या पंगतीत. मी दिसले की भावजी म्हणायचे, "काय, शेपटाचं दर्शन घ्यायचं का?"

मग चौऱ्याऐंशीचा शिमगा जवळ आला, नि हसू पळालं.

वाडीतले मुंबईकर नि आमचे गावकर, म्हणजे वाडीचे पुढारी, भागोजीदादा, यांनी ठरवलं की वाघजाईचं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं. खर्चासाठी देवरहाटीतली झाडं घाटावरच्या एका ठेकेदाराला द्यायची. त्याला आंब्याच्या पेट्यांसाठी फळ्या हव्या होत्या. देवीचं लाकूड, देवीचंच देऊळ, मग बिघडलं कुठं? ऐकायला बरं वाटत होतं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू! तसा देवीचा कौल घेतल्याशिवाय तिथं कोयता लागत नाही. पण ठेकेदाराला घाई. त्यानं झाडांवर चुन्याचे आकडे घातले नि नमुना म्हणून एक किंजळ आधीच आडवा केला. अगदी झऱ्याच्या डोक्यावरचा.

आठ दिवसांनी भावजी आमच्या ओटीवर आले. करवंटी माझ्यापुढं ठेवली. आत तीन राखणदारणी, वाळलेल्या शेंगांसारख्या कडक.

"एक झाड गेलं, ऊन थेट खाली आलं. पाचोळा कुरकुरीत झाला. हिला ओल नसली की ही जगत नाय, वयनी. ही गेली की झरा पन ऱ्हात नाय. आकडं घातलेली झाडं एकशेचाळीस हायत."

त्या दिवशी शेपटाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

शिमग्याला देवळापुढं सगळी वाडी जमली. कौल कसा लावतात ते सांगते. फुलांच्या पाकळ्या ओल्या करून देवीच्या पाषाणाला चिकटवायच्या नि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या भिजवायला पाणी लागतं ते त्याच झऱ्याचं, नि ते आणायचा मान भावजींच्या घराचा, पणज्यापासूनचा. गरीब माणूस, जमिनीचा तुकडा नाही, पण वर्षातून एकदा सगळा गाव त्याच्या तांब्याची वाट बघतो. तेवढंच त्यांच्या घराचं वैभव.

भावजी आले. तांब्या देवीपुढं ठेवला. गंगाराम गुरवानं हात घातला तर तांब्या कोरडा.

"केरू, पानी कुटाय?" भागोजीदादा म्हणाले.

"झऱ्यात."

"मंग आन की!"

"आज आनीन, दादा. पन किंजळ पाडल्यापासून धार निम्मी झालीय. समदी झाडं गेली की पुडल्या शिमग्याला कुटनं आनू? त्याचा जबाब आदी द्या, मंग तांब्या भरतो."

एकदम कालवा झाला. मुंबईकरांतला एक ओरडला, "मान काढून घ्या याचा! वाळीत टाका!" गोदानं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या वाकल्या. तेवढ्यात तोच पुन्हा म्हणाला, "नाहीतरी हा तिथं करणीच करतो. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे!"

ते अख्ख्या वाडीला कुणी सांगितलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बायकांनी तिथं बोलायचं नसतं. पण माझं तोंड कधी रीत बघून उघडलंय?

"ते मी उठवलेलं!" मी मागून ओरडले. "खोटं होतं. माझी चूक. करवंटीत काय असतं ते मी बघितलंय, गोदानं बघितलंय. तुम्ही या नि बघा!"

त्या वाळलेल्या तिन्ही राखणदारणी मी पदरात आणल्या होत्या. देवीपुढं ठेवल्या. माणसं वाकून बघायला लागली.

भागोजीदादा तसे वाईट नाहीत, पण सगळ्यांदेखत मागं कसं हटायचं? म्हणाले, "बरं, झऱ्याचं ऱ्हाऊ दे. खाली सरकारी हापसा हाय, त्याचं पानी आना."

सगळ्यांनी गंगारामाकडं बघितलं. गंगाराम म्हणजे सरळ माणूस, विनोद करायचा म्हटला तरी जमणार नाही. त्यानं डोकं खाजवलं नि गंभीरपणे म्हणाला, "हापशाचं पानी देवीला चालंल का, ते तिला इचारावं लागंल."

"मंग इचार!"

"इचारतो की. पन इचाराय पाकळ्या भिजवाय पायजेत. त्याला झऱ्याचं पानी लागंल."

मग कुणीतरी खुदकन हसलं, नि सगळं आवार हसायला लागलं. भागोजीदादांनी आधी कपाळाला हात लावला, मग त्यांनाही हसू फुटलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जिच्या झऱ्याबिगार तिलाच इचारता येत नाय, तिचं रान कसलं तोडतो आपन? देवळाची कौलं परतून घ्या. स्लॅब नको."

गोदानं माझा हात सोडला नि तिथंच खाली बसली. रडत होती की हसत होती, देवीला ठाऊक. भावजी तांब्या उचलून झऱ्याकडं गेले. पाणी भरून आणलं नि गुरवापुढं ठेवलं. यंदा पाऊस कसा, एवढंच देवीला विचारलं. उजवी पडली. ठेकेदार आपला एक किंजळ घेऊन गेला. झाडांवरचे आकडे आम्ही बायकांनीच नारळाच्या काथ्यानं घासून काढले. इतकं हलकं वाटत होतं की धोंडूबाईनं घासता घासता फुगडीचं गाणं धरलं.

किंजळ पडलेल्या जागी भावजींनी सुरमाडाची झापं आडवी टाकून सावली केली. श्रावणात झऱ्याची धार परत बोटाएवढी झाली.

त्याच श्रावणात रत्नागिरीच्या कॉलेजातले एक सर भिंग घेऊन आले. कुणा मास्तरांनी त्यांना कळवलं होतं. भावजींनी हलक्या हातानं पाचोळा बाजूला केला, तर एक राखणदारीण, नि तिच्या विळख्यात अंड्यांची माळ! सर पालथेच पडले चिखलात. म्हणाले, "हे देवगांडूळ. साप नव्हे नि गांडूळही नव्हे, बेडकाच्या गोतातलं. फार क्वचित दिसतं. ओलं, सावलीचं रान गेलं की हे गेलंच." पुष्कळ बोलले. भावजी मान डोलवत उभे. त्यांना त्यातलं काहीच नवीन नव्हतं.

सर उठले तशी मी हळूच विचारलं, "सर, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला हो?"

सरांनी माझ्या हातात भिंग दिलं. मी बघितलं. परत बघितलं. भिंग पुसून बघितलं. बारीक डोळा होता, जिवणी होती. भावजी म्हणत होते त्याच टोकाला.

"पावसाळ्यात फिरत असेल इकडून तिकडं," मी म्हणाले.

भावजींनी पाचोळा नीट झाकला, हात धुतले, नि गोदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काय वयनी, दोन वर्सं झाली. हात जोडलेलं तुमी कुनाला?"