टॉवरवाल्या पोराचा नंबर

निवृत्त होऊन फार काळ लोटलेला नाही, तरी नोकरीतले बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावातला, हे चटकन सांगता येत नाही. मोबाईल टॉवरच्या चोरीचा एक गुन्हा मात्र काल घडल्यासारखा लख्ख आठवतो. तो मोठा होता म्हणून नव्हे. तो ज्या रीतीने उघडकीस आला, तसा दुसरा कुठलाही गुन्हा माझ्या हातून उघडकीस आला नाही. त्यातली माणसं आज आपापल्या संसारात आहेत, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही.

त्या वेळी मी श्रीगोंदा तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. फाइव्ह-जी येणार म्हणून गावोगावी टॉवरवर काम चालू होतं. हेल्मेट घातलेली, कमरेला पट्टे बांधलेली मुलं वर चढायची, जुनी यंत्रं उतरवायची, नवी चढवायची. तेवढा वेळ रेंज जायची. लोकांनाही त्याची सवय झाली होती. फोन लागला नाही की म्हणायचे, "टॉवरचं काम चालू असंल."

नेमका याच सवयीचा फायदा कुणीतरी घेतला.

एका कंपनीचा तरुण इंजिनिअर फिर्याद द्यायला आला. काष्टीच्या अलीकडच्या दोन-तीन टॉवरवरून नवीकोरी यंत्रं चोरीला गेली होती. काय गेलं हे मला नीट कळेना, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. "साहेब, कंपनीने सरकारकडून लहरींचा नवा पट्टा घेतला आहे. जुनी यंत्रं त्या पट्ट्यावर चालत नाहीत, म्हणून वर नवे अँटेना आणि रेडिओ युनिट बसवतोय. हे युनिट म्हणजे लहान सुटकेसएवढी करडी पेटी. गरम होऊ नये म्हणून पाठीला उभ्या खाचा असतात. ती गेली की टॉवर मुका."

चोरी भरदिवसा झाली होती. त्यातला एक टॉवर ज्याच्या शेतात होता, त्या शेतकऱ्यानेच चोरट्यांना माठातलं पाणी दिलं होतं. "कंपनीचीच मान्सं वाटली, साहेब. टोप्या हुत्या, दोर हुते, टेम्पो हुता. मी काय वळखपत्र मागनार?" त्याचं म्हणणं खरं होतं. अंगावर कामाचे कपडे आणि चालण्यात घाई असली की माणसाला कुणी हटकत नाही. चोराने अंधाराची वाट बघायची गरजच नव्हती.

आम्ही नेहमीच्या रीतीने सुरुवात केली. यंत्र नीट सोडवून उतरवलं होतं, एक तारसुद्धा वेडीवाकडी तोडलेली नव्हती. म्हणजे हात सवयीचा होता. कंत्राटदारांची मुलं बोलावली, जबाब घेतले, रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे पाहिले. बाजाराच्या वाटेवर तसले टेम्पो शेकड्याने धावतात. चोरीच्या वेळी तिथे कोणते फोन होते हे शोधायचं, तर चोरट्यांनी फोन बंद ठेवले होते. तपास अडला. वरून रोज विचारणा होत होती आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

अशात एका सकाळी दोन बायका ठाण्यात आल्या. एक साठीची, उजव्या पायाला जाड पट्टी, काठी टेकत चालणारी. दुसरी तिची सून. हातात कापडी पिशवी, तिच्यात लिंबं. ठाणे अंमलदाराने विचारलं, "काय तक्रार?"

म्हातारी म्हणाली, "तक्रार न्हाई. एक मानूस शोधून पायजे. त्येचे आभार मानायचे हायेत."

अंमलदार हसला आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आला. इतक्या वर्षांत ठाण्याच्या पायऱ्या चढून कुणी आभार मानायला माणूस मागितला नव्हता. मी दोघींना बसवलं, चहा सांगितला.

हकीकत सुनेने सांगितली. सासूबाई लिंबोणीच्या बागेत खाली पडलेली लिंबं वेचत होत्या. पाल्यात घोणस होती. तिने पायाला दंश केला. घरात दोघीच, नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला. सुनेने अँब्युलन्सला फोन लावला, नवऱ्याला लावला, शेजारच्या वस्तीवर लावला. रेंजच नव्हती. सासूचा पाय डोळ्यांदेखत सुजत चालला होता. ती रस्त्याकडे पळाली, तर टॉवरखाली टेम्पो उभा.

"मी लांबूनच वरडले, दादा, आमच्या आत्याबाईला पान लागलंय! तिथं दोघं हुते. मोठा म्हनला, आमचं काम चालू हाय, न्हाई जमनार. दुसरा दोर गुंडाळत हुता. त्यानं दोर टाकला, मोठ्याच्या खिशातनं किल्ली वढली आन् टेम्पो थेट घरापुढं आनला. आत्याबाईला त्यानंच उचललं."

"मागे टेम्पोत काही होतं?"

"पेट्या हुत्या की. करड्या. पाठीला खाचा असलेल्या. त्यालाच टेकवून मी आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेतलं."

माझा चहाचा कप हातातच राहिला. बाजूला उभा असलेला हवालदारही सावध झाला.

त्या मुलाने टेम्पो श्रीगोंद्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. म्हातारीला स्ट्रेचरवर ठेवलं, डॉक्टरांना हाका मारल्या. शहरात रेंज होती. पण घरून निघतानाच्या पळापळीत सुनेचा फोन पाण्याच्या बादलीत पडून बंद झाला होता. मग त्याने आपला फोन चालू केला, तिच्या नवऱ्याचा नंबर विचारून लावून दिला आणि बोलणं झाल्यावर निघून गेला. लस वेळेत मिळाली. पुढे नगरला हलवावं लागलं, पण बाई वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आमच्या मालकांच्या मोबाईलवर त्याचा नंबर हाय," सून म्हणाली, "पन लागत न्हाई. कंपनीत इचारलं तर म्हनले, त्या दिवशी आमची मान्संच नव्हती तिकडं."

म्हातारी म्हणाली, "त्या पोराला घरी बोलवून जेवू घालायचंय, साहेब. तुमी नंबरावरून मानूस शोधता म्हनं."

हवालदार माझ्या कानाशी वाकून पुटपुटला, "आधी नंबर घ्या साहेब, बाकीचं मग सांगू."

त्याचं म्हणणं तपासाच्या दृष्टीने बरोबर होतं. पण समोर बसलेली बाई माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची होती आणि पिशवीत लिंबं घेऊन आली होती. तिला फसवून तो नंबर घ्यावा असं मला वाटेना. मी म्हणालो, "मावशी, तो मुलगा कंपनीचा नाही. त्या पेट्या चोरीच्या होत्या. तुम्ही नंबर दिलात तर मी त्याला शोधेन, पण आभार मानायला नाही. अटक करायला."

सुनेने सासूकडे पाहिलं. म्हातारीने विचारलं, "म्हंजी त्या दिवशी फोन लागला न्हाई, त्यो त्याच्यामुळंच?"

"हो."

"आन् आमच्याकडं आजून बी रेंज न्हाई, ती बी त्याच्यामुळंच?"

"हो, मावशी."

ती पायाच्या पट्टीकडे बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "दे गं नंबर. उद्या दुसऱ्या कुनाच्या घरात असं झालं तर तिथं काय टेम्पो उभा असनार हाय का?" आणि माझ्याकडे वळली. "पन साहेब, एक शबुद द्या. पोराच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

मी शब्द दिला.

त्या नंबरावरून नाव-पत्ता निघायला वेळ लागला नाही. नगरच्या सायबर शाखेने मदत केली. मुलगा राहात्याकडचा होता. आमचं पथक साध्या वेशात गेलं, तेव्हा तो बाजारात पेरूचे क्रेट भरत होता. पळाला नाही. हातातला क्रेट खाली ठेवला आणि म्हणाला, "चला."

ठाण्यात आणल्यावर मात्र त्याने तोंड उघडलं नाही. तिशीचा, सडपातळ, तळहातांना दोराचे घट्टे. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा आरोपी भरभरून बोलतो, आणि ज्याला लाज वाटत असते तो खाली मान घालून आपल्या हातांकडे बघतो. हा हातांकडे बघत होता. साथीदार कोण, माल कुठे, कितीही विचारलं तरी उत्तर नाही. वर्दीतल्या एक-दोघांचा धीर सुटत चालला होता. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"तुला कसं शोधलं, माहीत आहे?"

त्याने मान डोलावली. "म्या त्या ताईंना फोन दिल्ता."

"नंबर मागे राहतो, हे तेव्हा कळलं नाही तुला?"

"कळत हुतं साहेब. मोबाईलच्याच कामात आयुष्य गेलं." तो थांबला. "पन ताईंचा फोन बंद पडला हुता. त्या घरी कळवनार कशा?"

पुढचा प्रश्न मी विचारायच्या आधी त्यानेच मान वर केली. "साहेब, ती आजी... जगली का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस हा माणूस पोलिसांना घाबरून फोन बंद ठेवून बसला नव्हता. उत्तर ऐकायला घाबरत होता.

"जगली. काठी टेकत स्वतः ठाण्यात आली होती. तुला जेवायला बोलवायचं म्हणून शोधत होती."

तो ओंजळीत तोंड लपवून रडला. मी रडू दिलं. पाणी प्यायल्यावर सगळं सांगू लागला. टॉवरवर चढायचं काम तो बरीच वर्षं करत होता. काम सुटलं, तेव्हा जुना सुपरवायझर भेटला आणि म्हणाला, तू फक्त चढ, बाकी मी बघतो. वर जायची ती एकच विद्या याच्या हातात होती. "खाली कुनाचं काय बंद पडतंय, ते वरनं दिसत न्हाई साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी ताई पळत आल्या, तवा पयल्यांदा दिसलं."

दवाखान्यातून परत गेल्यावर सुपरवायझरने त्याला शिव्या घातल्या, टेम्पो घेतला आणि निघून गेला. त्यानंतर हा त्याच्याबरोबर पुन्हा चढला नाही. माल कुठे आहे ते दाखवतो, असं त्याचं निवेदन पंचांसमोर लिहून घेतलं आणि तो आम्हाला नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद शेडवर घेऊन गेला. ताडपत्रीखाली करड्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. परगावचं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. जवळजवळ सगळा मुद्देमाल मिळाला. सुपरवायझर त्याच आठवड्यात पकडला गेला.

खटल्याचं काय झालं ते सांगून टाकतो. दोघांनाही शिक्षा झाली, चढणाऱ्याला कमी. व्हायलाच हवी होती. चांगुलपणाच्या एका दुपारीने आधीच्या चोऱ्या पुसल्या जात नाहीत. म्हातारीने साक्ष दिली. सरकारी वकिलांनी ओळखायला सांगितलं, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्योच त्यो. ह्यानंच पेट्या नेल्या. आन् ह्यानंच मला नेलं." दोन्ही गोष्टी एकाच सुरात. कुणाला वाचवायला तिने एक शब्द कमी केला नाही, की कुणाला अडकवायला जास्त बोलली नाही. इतकी सरळ साक्ष मी क्वचितच ऐकली.

माझ्या मनात राहिला आहे तो मात्र त्याला पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत पाठवलं तो दिवस. कोर्टाच्या आवारात सासू-सून आधीच येऊन बसल्या होत्या. सोबत भाकरीचं गाठोडं होतं. कोठडीतल्या आरोपीला बाहेरचं जेवण देता येणार नाही, असं मी सांगितलं. तिने वाद घातला नाही, गाठोडं बाजूला ठेवलं. तो बाहेर आला. दोघांनी एकमेकांना पाहिलं. 

मग त्यानेच विचारलं, "आजी, फोन लागतोय का आता?"

कंपनीने तोवर दुसरं युनिट बसवून टॉवर चालू केला होता.

"लागतोय की," ती म्हणाली. "तुज्या आईचा नंबर दे."

तो गोंधळला. आई कोर्टात आली नव्हती. पोरगा चोरीत सापडल्यावर तिने घराबाहेर पडायचंच सोडलं होतं, हे पथकातल्या पोलिसांनी मला सांगितलं होतं. त्याने खाली बघत नंबर सांगितला. सुनेने तो लावला आणि स्पीकर चालू करून फोन म्हातारीच्या हातात दिला.

पलीकडून दबका आवाज आला, "कोन? पोलीस टेशनातनं का?"

"न्हाई वो," म्हातारी म्हणाली. "मी काष्टीकडनं बोलतीय. तुमच्या पोरानं चोरी केली, ते समद्यांनी सांगितलं असंल तुमाला. त्यानं मला जगवलं, ते सांगायला फोन केला."

पलीकडून हुंदके ऐकू येऊ लागले. म्हातारीने घाई केली नाही. फोन हातात धरून ती तशीच उभी राहिली. व्हॅनचा चालक माझ्याकडे बघत होता. मी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

या गुन्ह्याबद्दल वरिष्ठांनी माझं कौतुक केलं, जिल्ह्याच्या बैठकीत तपासाचा उल्लेख झाला. मी तो मान स्वीकारला, पण मनात हिशेब वेगळा होता. गुन्हा उघड झाला तो एका बाईला आभार मानल्याशिवाय चैन पडेना म्हणून. आणि आरोपी बोलला तो तिने माझ्याकडून शब्द घेतला म्हणून. त्या दिवशी माझ्या ठाण्यात हात उचलला गेला असता, तर "आजी जगली का" हा प्रश्न त्याच्या तोंडून कधीच निघाला नसता, आणि एका माणसाला मी नुसता चोर म्हणूनच ओळखत राहिलो असतो.

म्हातारी आणि त्या मुलाची आई अजूनही एकमेकींना फोन करतात. मध्ये म्हातारीने मला फोन केला, तेव्हा म्हणाली, "साहेब, पोरगा सुटून आला. आता तिकडंच पेरूच्या बागेत काम करतोय. आईला घिऊन जेवून गेला." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी शबुद पाळला. तुमचं बी आभार मानायचं राहिलं हुतं."

 आभार मानायचे तर ते मीच तिचे मानायला हवे होते.