छाटलेली बिडी

मेश्राम मॅडमनं सरळच सांगितलं, "काका, सोमवारी गाडी येते. या आजीले पुण्याकडच्या आश्रमात पाठवा लागते."

"काहून?"

"बोलतच नाई ना ती. नाव नाई, गाव नाई. आपल्याकडं किती दिवस ठेवू?"

मॅडम भंडाऱ्यातल्या बेघर निवाऱ्याच्या मॅनेजर. मी तिथला स्वयंसेवक. आजी बस स्टँडवर सापडली होती. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. मी तर तिला माझ्या वाघाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. त्या ऐकून आमच्या शहापूरच्या पानठेल्यावरची माणसं उठून जातात. आजी ढिम्म. आणि एकदा पुण्याकडं गेली, की तिचं गाव शोधायला तिकडून कोण येणार?

मी एकतीस वर्षं बिडी कारखान्यात चेकर होतो. बायका घरी बिड्या वळून सेंटरवर आणायच्या, मी तपासायचो. धागा सैल, तोंड नीट मुडपलेलं नाही, की बिडी बाजूला. याला म्हणतात छाट. मी तपासलेल्या बिड्या एकापुढं एक लावल्या तर चंद्रापर्यंत पोचतील, आणि येताना इथल्या जवाहरनगरला वळसा घालूनही चार उरतील. बायका मला घाबरायच्या असं मी घरी सांगतो. खरं म्हणजे मीच त्यांना घाबरायचो. कारण बिडी छाटली आणि वळणारी गप्प बसली, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही.

शनिवारी सकाळी आजीजवळ बसलो होतो. तिची बोटं मांडीवर चालू होती. सगळ्यांना वाटायचं हात थरथरतात. मी नीट पाहिलं. अंगठा पुढं सरकायचा, बोट मागं, मग टोक दाबायचं. पुन्हा तेच.

"मॅडम, ही बिडीवाली आहे."

"असू द्या. तंबाखू आत आणू देनार नाई मी."

मग घरून धान्य पाखडायचं सूप आणलं, कैची, धागा, भिजवलेली तेंदूची पानं. तंबाखूच्या जागी धानाचा कोंडा. आजीनं कोंडा हुंगला आणि कारखान्याचा तंबाखू मीच चोरल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. पण पानं हातात आली आणि बोटं सुटली. कापायचं, भरायचं, वळायचं, बांधायचं. हातांचा वारा एवढा, की मी उठून पंखा बंद केला.

पंचवीस बिड्या झाल्या. त्यांचा कट्टा बांधून तिनं माझ्यापुढं सरकवला. म्हणजे तपास.

मी तपासला. एकीतही खोट नाही. पण चेकरनं एक तरी छाटायचीच, नाहीतर मालक म्हणतो हा झोपला होता. पुढचं मी विचार करून केलं असं सगळ्यांना सांगतो. तुम्हाला म्हणून सांगतो, निव्वळ सवय. बोटांनी एक बिडी काढली आणि बाजूला टाकली.

"काहून छाटली?"

मला वाटलं मॅडम बोलल्या. मॅडम माझ्याकडं पाहत होत्या.

"डोये फुटले काय तुये?" आजी म्हणाली. "कुठं सैल हाये, दाखव."

"तोंड वाकडं आहे," मी म्हणालो. साफ खोटं.

"तोंड तुयं वाकडं. मोहाडीच्या सेंटरवर सायत्राची बिडी कोनाच्या बापानं नाई छाटली."

मॅडमनं हातावरच लिहून घेतलं. सायत्रा, मोहाडी.

मोहाडीला फोन गेला आणि दुपारी तिची मुलगी दारात. माय नागपूरच्या दवाखान्यातून गर्दीत हरवली होती. तक्रार नागपुरात आणि माय भंडाऱ्यात. मुलगी तिच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "माय आमच्याशी पन बोलत नाई, काका. तुमी काय केलं?"

"काही नाही. एक छाटली."

निघायची वेळ झाली तरी सायत्राबाई उठेना. तिनं ती बाजूची बिडी उचलली, कट्ट्यात खोचली आणि कट्टा पुन्हा माझ्यापुढं धरला.

"पास," मी म्हणालो. तेव्हा उठली.

सोमवारी गाडी आली आणि रिकामी परत गेली. तेव्हापासून निवाऱ्यात नवीन माणूस आलं, की मी नाव-गाव विचारत नाही. आधी त्याचं काम कोणतं ते ओळखतो आणि त्यात खोट काढतो. फक्त जरा लांब बसतो.