जैनुद्दीन मोबाईल, कुंडल

कुंडलच्या पेठेत जैनुद्दीनच्या प्रामाणिकपणाचा मोठा गाजावाजा होता, आणि तो करण्यात सगळ्यात मोठा वाटा खुद्द जैनुद्दीनचाच होता. विसरलेला फोन घरपोच द्यायचा. नवा पार्ट सांगून जुना कधी बसवला नाही. गाणी मात्र यात धरायची नाहीत. दुसऱ्यांची गाणी, सिनेमे तो गिऱ्हाइकांच्या मेमरी कार्डात उतरवून द्यायचा. त्याला सगळे 'भरणं' म्हणायचे. चोरी हा शब्द त्या काउंटरवर कधी आलाच नाही. वर प्रत्येक गाण्यात स्वतःच्या आवाजात ठोकून द्यायचा, 'जैनुद्दीन मोबाईल, कुंडल!'

दोन वर्षांमागं गावातल्या नाथाजीनं जुन्या फोनातलं नव्यात घालायला दोन्ही फोन विश्वासानं त्याच्याकडं ठेवले. त्यात नाथाजीच्या आईच्या, रंगुबाईच्या, जात्यावरच्या ओव्या होत्या. जैनुद्दीननं न विचारता उतरवून घेतल्या. शेवटी म्हातारी आपलं नाव घ्यायची, 'रंगू म्हणं बाई, म्हसवड माझं माह्यार'. ते कापून त्यानं तिथं आपली आरोळी बसवली. ओव्या पंचक्रोशीत वाजल्या.

यंदा रंगुबाई गेली. नाथाजीचा जुना फोन कवाच मोडीत गेलेला, नवा विहिरीत पडला. तो दुकानात आला.

"आईचं अख्खं दे."

"अख्खं न्हाई. कापलेलं तेवढं हाय. मूळचं जागा हुईना म्हणून पुसलं."

"माज्या फोनातनं चोरलंस. वर तिचं नावबी खाल्लंस?"

जैनुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"चोर कुणाला म्हणतूस रं? मी भरलं म्हणून आज तुला तिचा आवाज तरी मिळतुय."

हे खरं होतं. म्हणूनच नाथाजीला ते जास्त झोंबलं. त्यानं नवं कार्ड काउंटरवर आपटलं.

"भर."

जैनुद्दीननं कार्ड लावलं. नेहमीसारखं वाजवून बघितलं. जात्याची घरघर, म्हातारीचा आवाज, आणि तिचं नाव यायचं तिथं त्याचीच आरोळी. गिऱ्हाइकं खाली बघत होती. जैनुद्दीनला पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजाची शिसारी आली.

"थांब, माझं नाव कापून देतो," तो पुटपुटला.

"हात लावू नगंस," नाथाजीनं कार्ड ओढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. तिचं नाव कुणी कापलं, ते माज्या नातवंडास्नी कळाय पायजे."