भिंतीकडचा नट

धुलाईघरात सगळे त्याला दाजी म्हणत. खरे पाहता तो एकट्या सुपरवायझरचा दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण मेव्हण्याच्या तोंडची हाक साऱ्यांच्या तोंडी बसली. कामाने फिटर. पान्यांवर त्याची माया लेकरांवर असावी तशी. रिंग पाना नटाला चहूकडून कवेत घेतो, म्हणून तो भरवशाचा. बॉक्स पाना वरून बसतो, त्याला डोक्यावर जागा हवी. उघड्या तोंडाचा पाना बाजूने शिरतो आणि उलटापालटा करीत थोडक्या जागेतही नट फिरवतो. “पान्याला फिरायला वाव द्या, मग माझ्याकडे काम मागा,” असे तो म्हणे.

तो वावच हिरावला गेला. इस्त्रीखान्याची नवी भिंत वाफेच्या नळाला खेटून उभी राहिली. सांध्यांचे पुढचे नट हाती येत. भिंतीकडच्या नटावर एकही पाना बसेना. तेव्हा दाजीने उघडा पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला. तो फटीत शिरला. मेव्हणा हसला, “लोखंडालाही उपाशी ठेवलंत, दाजी.”

वर्षे गेली. दाजी प्रेमाने नट कसत राहिला, आणि त्यातल्याच एका सांध्याखाली उभी राहून त्याची बायको चादरींना इस्त्री करीत राहिली.

एके दुपारी ती म्हणाली, “अहो, वर काहीतरी फुसफुसतंय. मानेवर कुणी श्वास सोडल्यासारखं वाटतंय मघापासून.”

दाजी शिडीवर चढला. पातळ पाना फटीत घालून त्याने ओढला. पाना घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. बॅटरीच्या उजेडात त्याने पाहिले. नटाला कोपरेच उरले नव्हते. पातळ केलेला जबडा दर ओढीला किंचित फाकत होता, कोपरे खात होता; आणि त्या निसटत्या हिसक्यालाच हात ‘नट कसला’ असे समजत होता. हात फसला, हातावर विसंबलेले मन फसले, आणि त्या मनावर विसंबून ती निर्धास्त उभी होती.

मेव्हणा खालून म्हणाला, “संध्याकाळी बघा हो. चादरींचा डोंगर पडलाय.”

“तुझी बहीण उभी आहे खाली.”

“ती काय आज उभी राहिली?”

“तेच सांगतोय, बाबा,” दाजी म्हणाला, आणि उतरून त्याने इस्त्रीखान्याचा व्हॉल्व्ह आवळून वाफ बंद केली. बायका कुरकुरत बाहेर पडल्या. बायको शेवटी, प्रेस बंद करून. “काम थांबवून मिरवायची हौस आली वाटतं?” तिने टोमणा मारला.

नळ निवला तेव्हा त्याने फटीत दोन बोटे घातली. नट बोटांनी फिरला, बाटलीचे झाकण फिरावे तसा. सांधा इतके दिवस पुढच्या नटांनी आणि देवाच्या दयेने तोलला होता.

मेव्हण्याचा चेहरा उतरला. “पण थांबवलंत ना, दाजी. वाचलो.”

दाजी नळाकडे पाहत होता. तो नळ भिंतीतून पलीकडे वाळवणखान्यात गेला होता. तिथली वाफ दुसऱ्या व्हॉल्व्हवर, अजून चालू. तिथेही तसेच सांधे, तशीच भिंत, आणि भिंतीकडचा प्रत्येक नट त्याच पान्याने कसलेला. पलीकडून बायकांचे हसणे ऐकू येत होते.

“बॉयलर बंद करायला सांग,” तो म्हणाला. “धाव.” आणि स्वतः हसण्याच्या दिशेने पळाला.