श्रीलंकेतलं मयत आणि आमची अडीचची गाडी

श्रीलंकेत मी ज्या माणसाला खांदा दिला, त्यांचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. लांबलचक होतं, मधे दोन जोडाक्षरं होती, आणि ते मला कळलं तेव्हा ते खांद्यावर होते.

आधी आमच्याबद्दल सांगतो. मी शिरूरचा. सणसवाडीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला सुपरवायझर. शेवटचा ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत माझा पाय जमिनीला टेकत नाही, आणि पडला की उद्याच्या ट्रकची काळजी लागते. बायको वैशाली दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते, ती क्वार्टरमध्ये वाढली. शिरूरला रेल्वेच नसल्यामुळं गाडी पकडायची म्हटलं की मी दीड तास आधी फलाटावर उभा असतो. दौंडची माणसं इंजिनाचा भोंगा ऐकतात आणि मग चप्पल शोधायला लागतात. अशा दोघांचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली.

पाठीवर सॅक टाकून परदेश फिरायची कल्पना आमच्या मुलीची, प्राचीची. ती पुण्यात नोकरी करते. टूरवाल्यांबरोबर गेलात तर पप्पा त्यांनाच हाकायला लागतील, असं तिचं म्हणणं पडलं. (खोटं नव्हतं.) तिनं विमानाची तिकिटं काढली, राहायच्या खोल्या ठरवल्या आणि दोन भल्यामोठ्या सॅक आणून दिल्या. निमोण्याची माझी मावशी त्या सॅक बघून म्हणाली, "पाठीवर वझं घिऊन फिरायला इमानानं कशाला जायाचं? हितं कांद्याच्या गोण्या हायती की."

पहिले चार दिवस मी श्रीलंका बघितली ती बहुतेक मान वळवून, कारण तोंड कायम पुढच्या गावाकडं असायचं. वैशाली एखाद्या तळ्याकाठी बसली की मी पाच मिनिटांत उठून सॅकचे पट्टे आवळायला लागायचो. पाचव्या दिवशी आम्ही कँडीजवळ एका घरगुती खोलीत होतो. दुपारी अडीचच्या गाडीनं डोंगरातल्या गावाला जायचं होतं. खिडकीच्या जागा प्राचीनं महिनाभर आधी धरून ठेवलेल्या. सकाळ मोकळी होती आणि मोकळी सकाळ मला सोसत नाही. घरमालकीण म्हणाली, बसनं तासाभरावर एका गावात जुनं विहार आहे, बघून या, मात्र पांढरे कपडे घाला. आम्हाला पांढऱ्याचं काय नवल? पौर्णिमेला आमच्या वॉर्डातल्या विहारात आम्ही पांढऱ्यातच जातो, आणि वंदना सांगायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडं आहे. वैशालीनं पांढरी साडी नेसली, मी पांढरा शर्ट-पँट घातली, सॅक खोलीवर ठेवल्या आणि निघालो.

बस एका बारक्या गावात थांबली आणि थांबूनच राहिली. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता. सहा मिनिटं मी दम धरला. मग मोबाइलवर नकाशा काढला. विहार दोनच किलोमीटरवर दिसत होतं.

"उतर," मी म्हणालो. "चालत बसच्या आधी पोचू."

आम्ही उतरलो आणि बस लगेच निघून गेली. वैशालीनं आधी जाणाऱ्या बसकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मला पाठ आहे.

थोडं पुढं गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्यांना पांढऱ्या पताका लावलेल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्याच वाटेनं चाललेली. मला एकदम हुरूप आला. मी वैशालीला समजावून सांगितलं की आपल्याकडं जयंतीला निळे झेंडे लागतात तसे इथं पांढरे, विहारात आज मोठा कार्यक्रम दिसतोय. ती म्हणाली की कार्यक्रम असता तर कुणीतरी हसत चाललं असतं. मी म्हटलं, इथली माणसं शिस्तीची आहेत.

पताका एका कौलारू घरापाशी संपल्या. अंगणात मांडव, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या. दारातल्या माणसानं हात जोडून आम्हाला बसवलं, दुसऱ्यानं कोरा चहा आणि आल्याची बिस्किटं आणून दिली. मी तीन बिस्किटं खाल्ली. आपल्या विहारातही चहाची अशी सोय करायला पाहिजे, असं मी म्हणत होतो, तोवर वैशाली आत डोकावून आली आणि शेजारी बसली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे विहार न्हाई. कुणाचं तरी घर हाय. आन् मधल्या खोलीत जे आजोबा झोपल्यात, ते झोपलेले न्हाईत."

मी चौथं बिस्किट बशीत परत ठेवलं.

आता सज्जन माणसानं काय करावं? हात जोडावेत, पाच मिनिटं बसावं आणि हळूच निघावं. मी तिसऱ्याच मिनिटाला उठलो. उठल्याबरोबर गेलेल्या आजोबांचा मुलगा समोर आला. निमल त्याचं नाव. पस्तिशीचा, डोळे सुजलेले. तुम्ही इंडियातून आलात का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. मी हो म्हणालो. माझ्या वडिलांसाठी एवढ्या लांबून, असं तो म्हणाला. मी घाईघाईनं माझं कारखान्यातलं इंग्रजी बाहेर काढलं.

"सर, वी हॅव ट्रेन."

त्यानं मागं वळून सगळ्यांना काहीतरी सांगितलं. सगळे हळहळले. आम्ही इंडियातून, रेल्वेनं, त्याच्या वडिलांसाठी आलोय, असा त्याचा अर्थ झाला हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याची म्हातारी आई पुढं आली. तिनं वैशालीचे दोन्ही हात धरले आणि तिला आत बायकांमध्ये घेऊन गेली. मला दोघांनी दंडाला धरून मधल्या खोलीत पहिल्या रांगेत, थेट आजोबांच्या शवपेटीसमोर बसवलं.

पावणेबारा वाजले होते. मी दहा मिनिटांनी उठलो. शेजारच्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पुन्हा उठलो, तर कुणीतरी पाणी आणून दिलं. तिसऱ्यांदा उठून मी दारापर्यंत पोचलो, तेव्हा निमल स्वतः आला, मला मिठी मारली आणि परत जागेवर आणून बसवलं. आतल्या खोलीत वैशाली आजींच्या पाठीवरून हात फिरवत अशी बसली होती, की जणू दौंडच्या सख्ख्या आत्याच्या घरी आलीय. मी खुणेनं मनगट दाखवलं. तिनं मान फिरवली.

मग चीवर घातलेले भन्तेजी आले. सगळे चटईवर बसले. भन्तेंनी 'नमो तस्स' म्हणायला सुरुवात केली आणि बारा वर्षांची सवय, माझा आवाज आपोआप लागला. सगळे हळू म्हणत होते. मी आमच्या वॉर्डात भोंग्यावरून म्हणतो तसा खणखणीत म्हणत होतो. आजूबाजूची मंडळी वळून बघायला लागली. परक्या देशात चार दिवस मला साधं 'मीठ द्या' म्हणता आलं नव्हतं आणि इथं पाली वंदनेचा शब्दन् शब्द जुळत होता. पुढं गेलेल्याला पुण्य पोचावं म्हणून घरच्यांनी एकमेकांच्या हाताला हात लावून किटलीतलं पाणी कपात ओतायला घेतलं, कप भरून सांडेपर्यंत. निमलनं माझाही हात ओढून त्या किटलीला लावला. पाणी ओतताना मला घड्याळ दिसत नव्हतं. तेवढाच वेळ मी शांत होतो.

बाहेर पेटी उचलायची वेळ आली, तर निमलनं मला पुढं बोलावलं. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर स्मशानभूमी बसच्या रस्त्याकडंच होती. एक वाजून गेला होता. मी खांदा दिला आणि चालायला लागलो ते डिस्पॅचच्या चालीनं. पुढं मी ओढतोय म्हटल्यावर मागच्यांना पळावं लागलं, पुढं वाजवत चाललेले ढोलवाले बाजूला पडले, आणि माझ्या मागच्या पोक्त गृहस्थांना इतकी धाप लागली की ते "स्लोली, स्लोली" म्हणत होते. त्या घाईत त्यांनीच मला आजोबांचं नाव सांगितलं. पोस्टात होते म्हणे, चाळीस वर्षं सायकलवर.

स्मशानात दोन-तीन जणांची भाषणं झाली. मी वैशालीला म्हणत होतो की आता निघालो तर अजून जमेल, तेवढ्यात निमलनं माझ्याकडं हात केला. मी पुढं झालो. "ही वॉज व्हेरी गुड मॅन," एवढं बोललो आणि इंग्रजी संपलं. सगळे वाट बघत होते. मग मी मराठीत बोलायला लागलो. कुणाला कळणार होतं?

काय बोलावं सुचेना म्हणून मी माझ्या वडिलांबद्दल बोललो. आबा गेले त्या दिवशी मी लाकडं, गाड्या, पाहुण्यांचा चहा, सगळं एकट्यानं बघितलं. लोक म्हणाले, पोरानं नियोजन झकास केलं. पण आबांच्या उशाशी मी त्या दिवशी दोन मिनिटंसुद्धा बसलो नव्हतो. हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो, वैशालीलाही नाही. ते मी कँडीजवळच्या एका स्मशानात साठ-सत्तर अनोळखी माणसांसमोर बोललो आणि मला रडू फुटलं. लोक डोळे पुसत होते. वैशाली तेवढी माझ्याकडं टक लावून बघत होती, कारण तिला एकटीलाच कळत होतं. मी मागं येऊन उभा राहिलो तेव्हा तिनं चारचौघांत माझा हात धरला. असं शिरूरला कधी झालं नव्हतं.

अडीचची गाडी अडीचला गेली. आम्ही तेव्हा निमलच्या अंगणात शेजाऱ्यांनी आणलेला भात आणि डाळ खात होतो.

जेवण झाल्यावर मला राहवेना. मी निमलला बाजूला घेतलं आणि जमेल तसं खरं सांगून टाकलं, की आम्ही तुझ्या वडिलांना ओळखत नव्हतो, विहार शोधत होतो, चुकून आलो, माफ कर.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही वंदना तोंडपाठ म्हणायला लागलात तेव्हाच कळलं, विहाराला निघालेले वाट चुकून इथं आलात. बाबा कधी या जिल्ह्याबाहेर गेले नाहीत. इंडियातलं त्यांचं कोण असणार?"

"मग आम्हाला जाऊ का दिलं नाहीस?"

तो थोडा अवघडला. म्हणाला, आईनं सांगितलं होतं. तो पाहुणा दर दहा मिनिटांनी उठतोय, त्याला एका जागी बसवत नाही, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त दुःख त्यालाच झालेलं दिसतंय, त्याला एकटं सोडू नका. सकाळपासून स्वतःचं रडणं बाजूला ठेवून ती माझीच काळजी करत होती.

मी मान खाली घातली. वैशालीला मात्र त्या माउलीचा गैरसमज तसाच राहू द्यायचा नव्हता. तिनं निमलला मधे घेतलं आणि आजींना सांगायला लावलं की काळजी करू नका, ह्यांना दुःखबिःख झालेलं नव्हतं, हे घरीसुद्धा असेच असतात, बावीस वर्षं झाली.

आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग वैशालीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तिचंच सांत्वन करायला लागल्या.